भावाने पेपर दिले नाहीत. आबांना सांगू का?

धुळ्यात राहणाऱ्या एका विवाहित ताईंचं पत्र आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. माहेर पारोळा तालुक्यातलं, कोरडवाहू कापसाचं घर. धाकटा भाऊ वीस वर्षांचा, जळगावला इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला, दोन मित्रांबरोबर खोली करून राहतो. दहावीला गावात पहिला आलेला. दिवाळीत घरी आला तेव्हा रात्रभर जागा आणि दुपारपर्यंत झोपलेला. कोणाशी धड बोलला नाही. हिवाळी परीक्षेचे दोन पेपर दिले आणि पुढे गेलाच नाही. हे फक्त ताईंना माहीत आहे. एका रात्री फोनवर त्याने सांगितलं आणि शपथ घातली, "आबांना सांगू नको." आबांनी पीककर्जातून त्याची फी भरली आहे. दर रविवारी ते फोन करून अभ्यासाचं विचारतात आणि तो "चालू आहे" म्हणतो. आईला शंका की बाहेरचं काही लागलं, म्हणून ती भगताकडे न्यायचं म्हणते. ताईंचे यजमान म्हणतात, मोबाइल काढून घ्या आणि चार दिवस शेतात राबवा, सगळं उतरेल. डॉक्टरांना दाखवावं असं ताईंना वाटतं. पण गावच्या कोणी पाहिलं तर वेड्याचा शिक्का बसेल, पुढे नोकरी आणि लग्नाला अडेल, ही धास्ती. शेवटी त्या लिहितात: "परवा म्हणाला, झोपलो की उठूच नये असं वाटतं ताई. तो तसा मुलगा नाही, पण मला तेव्हापासून झोप नाही. आबांना सांगितलं तर ते खचतील. नाही सांगितलं आणि काही झालं तर मी कोणाला तोंड दाखवू?"

प्रिय ताई,

तुमचं पत्र वाचलं त्याच दिवशी मी तुम्हाला थोडक्यात उत्तर पाठवलं होतं. पत्राच्या अगदी शेवटी जे वाक्य तुम्ही लिहिलं आहे, ते सदराची पाळी येईपर्यंत थांबणारं नव्हतं. आता सविस्तर लिहिते, कारण असं पत्र तुमचं एकटीचं नाही. चोपडा, शहादा, भुसावळ, कुठून कुठून येतात. कधी आई लिहिते, कधी खोलीतला मित्र, क्वचित एखादी मुलगी स्वतः. त्यांनाही यातलं काही कामी यावं.

तुम्ही विचारता, आबांना सांगू की नको. त्यावर मी लिहिणार आहे, पण ताई, तो दुसरा प्रश्न आहे. पहिला प्रश्न हा की तुमचा भाऊ आज सुरक्षित आहे का. "तो तसा मुलगा नाही" असं तुम्ही म्हणता. तसा असा कोणी मुलगा नसतो. जगणं नको वाटणं हा कोणाचा स्वभाव नसतो. ती एका काळातली अवस्था असते आणि हुशार, कष्टाळू, घरच्यांवर जीव टाकणाऱ्या मुलांनाही ती गाठते. मी कॉलेजात शिकवत होते आणि मुलींच्या वसतिगृहाची रेक्टरही होते. माझ्या पाहण्यात तर घरच्यांवर जास्त जीव असलेलीच मुलं जास्त गप्प राहिली. आपल्यामुळे घरच्यांना भुर्दंड पडला, हा विचार त्यांनाच आतून खातो.

म्हणून या आठवड्यातच जळगावला जा. फोनवर हे काम होणार नाही. धुळ्याहून बस पारोळ्यावरूनच जाते, पण जाताना माहेरी उतरू नका. आधी त्याला भेटा. खोलीवर गेलात की आल्या आल्या झाडू हातात घेऊन पसारा आवरायला लागू नका, आपल्याला ती सवय असते. नुसतं बसा. मेसचा डबा न उघडता पडलाय का, आंघोळ कधी केलीये, पुस्तकांवर किती धूळ आहे, हे न विचारताही दिसेल. मग त्याला घेऊन बाहेर पडा, मेहरूण तलावाकडे जा. समोर बसवून विचारलं की मुलं मान खाली घालतात. सोबत चालताना बोलतात. आणि घरात जशी अहिराणी बोलता तशीच बोला. "काय व्हई राहिनं तुले?" असं बहिणीने विचारलं की "ठीक आहे, अभ्यास चालू आहे" हे पाठ झालेलं उत्तर तोंडात येत नाही.

मग थेट विचारा. आडून नको. "उठूच नये वाटतं म्हणालास. मरून जावं असं मनात येतं का? स्वतःला काही करून घ्यावं असं वाटलं का? कधी?" हे शब्द तोंडातून काढायला फार जड जातात, मला कल्पना आहे. विचारलं तर उलट त्याच्या डोक्यात विचार भरेल, अशी भीती बहुतेकांना वाटते. तसं होत नाही. उलट, जो विचार तो एकटा घेऊन बसला आहे तो कोणाला तरी ऐकवता येतो आहे, यानेच माणसाला श्वास घेता येतो. ऐकताना मध्ये "असं बोलू नये" म्हणू नका, आईबापांच्या कष्टांची आठवण करून देऊ नका. ती त्याला चोवीस तास आहेच.

तो हो म्हणाला आणि कसं, केव्हा हेही त्याच्या मनात ठरलेलं दिसलं, तर त्याला क्षणभरही एकटं ठेवू नका. त्याच दिवशी सरकारी रुग्णालयाच्या अपघात विभागात न्या. तो रात्रीही उघडा असतो. वाहन नसेल तर १०८ ला फोन करा. काय करावं सुचेनासं झालं तर टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक आहे. केंद्र सरकारची ही सेवा ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली, मोफत आहे, दिवसरात्र चालते आणि मराठीत बोलता येतं. तो नंबर लागला नाही तर १८००-८९१-४४१६. पलीकडे प्रशिक्षित समुपदेशक असतात आणि गरज वाटली तर ते डॉक्टरांशी जोडून देतात. हा फोन भावानेच करायला हवा असं नाही. आज रात्री झोप येत नसेल तर तुम्ही स्वतःसाठीही करा.

आणखी एक, जे शेतकरी घरांत फार महत्त्वाचं आहे. तो पारोळ्याला घरी जाणार असेल तर त्याआधी फवारणीची औषधं कुलपात जायला हवीत आणि किल्ली मोठ्या माणसाच्या कमरेला. आपल्याकडे ती पडवीत, खाटेखाली, गोठ्याच्या कोनाड्यात पडलेली असतात. असे टोकाचे क्षण पुष्कळदा थोडा वेळच टिकतात. तेवढ्या वेळात हाताशी काही नसलं तर जीव वाचतो. हे करताना त्याचा अपमान होत नाही. त्याला सांगून करा.

आता शपथेचं. त्याने सांगितलेल्या दोन गोष्टी तुम्ही एकाच गाठोड्यात बांधल्या आहेत, त्या सोडवा. पेपर दिले नाहीत ही त्याची गोष्ट आहे आणि ती सांगायचा पहिला हक्क त्याचा. जीव नको झालाय, ही मात्र एकट्याने सांभाळायची गोष्ट नाही. त्याने नाही आणि तुम्हीही नाही. त्याला हे तोंडावर सांगा: "तुझे पेपर मी तुला विचारल्याशिवाय कोणाला सांगणार नाही. पण तुझ्या जिवाचं असेल तर मी लपवणार नाही. तू रागावलास तरी चालेल." बहुतेक मुलं यावर रागावत नाहीत. कोणीतरी ठामपणे हात धरला याचा त्यांना आधार वाटतो.

पेपर का दिले नाहीत, हे अजून कोणी त्याला विचारलेलं दिसत नाही. यजमान मोबाइल म्हणतात, आई बाहेरचं म्हणते आणि तुम्हीही पत्रात एके ठिकाणी "आळशी झालाय की काय" असं लिहून खोडलं आहे. परीक्षेच्या सकाळी कॉलेजच्या फाटकापाशी उभी राहिलेली मुलं मी पाहिली आहेत. इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं, हातात पाण्याची बाटली आणि घामाने ओलसर झालेलं हॉल तिकीट. आत जायचं म्हणून आलेली असतात. घंटा होते, बाकीचे आत जातात, आणि यांचं पाऊल उचलत नाही. आळशी मुलगा पहाटे उठून, तयार होऊन फाटकापर्यंत येत नाही, ताई. झोपेचं चक्र उलटं होणं, जेवण तुटणं, वाचलेलं डोक्यात न राहणं, आवडीच्या गोष्टीतला रस जाणं, माणसं टाळणं, सगळं आपल्यामुळेच बिघडलं असं वाटणं. हे दोन आठवड्यांहून जास्त चाललं असेल तर डॉक्टर नैराश्याचा विचार करतात. तुमच्या पत्रात दिवाळीपासूनचं यातलं बरंच काही आहे. निदान मी करणार नाही, ते डॉक्टरांचं काम. पण रात्रभरचा मोबाइल हे कारण असण्याऐवजी झोप न येण्याचा परिणामही असू शकतो, एवढं मनात ठेवा.

आणि याची सुरुवात बहुधा दिवाळीच्या पुष्कळ आधी झाली असणार. गावातल्या मराठी शाळेत पहिला आलेला मुलगा जळगावला येतो आणि पहिल्याच आठवड्यात सगळं इंग्रजीत. वर्गात प्रश्न विचारायचा तर आधी मनात वाक्य जुळवावं लागतं, ते जुळेपर्यंत सर पुढे गेलेले असतात. सेमिनारला उभा राहिला की उच्चारावरून मागच्या बाकावर हसू फुटतं. त्यात एक एटीकेटी लागते. घरी सांगायची सोय नाही, कारण घरी तो अजून "गावात पहिला" आहे. पुढच्या सत्रात दोन विषय राहतात. रविवारी फोन येतो, "चालू आहे" म्हणावं लागतं. पहिल्यांदा हे म्हटलं तेव्हा खोटं लहान होतं. दर रविवारी ते वाढत गेलं. असं वाढलेलं खोटं घेऊन परीक्षेला बसणं हे पेपरपेक्षा अवघड असतं. त्याच्या बाबतीत असंच झालं असेल असं नाही, पण विचारून पाहा. "नापास का झालास" असं विचारू नका. "पहिल्यांदा अवघड कधी वाटायला लागलं" असं विचारा.

आता आबा. ते खचतील, असं तुम्ही गृहीत धरलं आहे. खरंच? पारोळा तालुक्यात कोरडवाहू कापूस करणाऱ्या माणसाने २०१७ ची गुलाबी बोंडअळी पाहिली आहे, बोंडं फोडून आत अळी निघताना स्वतःच्या हाताने पाहिली आहे. पाऊस दडी मारून बसला की दुबार पेरणी त्यांनी केलीच असेल. पहिलं बियाणं मातीत गेलं म्हणून त्यांनी शेत सोडलं नाही की स्वतःला नालायक म्हटलं नाही. उसनवारी करून पुन्हा पेरलं. मुलाचं एक सत्र गेलं, हे समजून घ्यायची कुवत या माणसात नाही, असं मला वाटत नाही. पहिल्या दिवशी ते ओरडतील, कदाचित. कर्जाचा विषय निघेल. पण कर्जाच्या ओझ्यापेक्षा, मुलगा वर्षभर आपल्याशी खोटं बोलत होता आणि एवढ्या त्रासात होता तरी आपल्याकडे आला नाही, हे त्यांना जास्त लागेल. त्यासाठी तयार राहा.

सांगायचं कसं, ते दोघांनी मिळून ठरवा. तो तयार असेल तर त्यानेच सांगावं, तुम्ही शेजारी बसा. तो म्हणाला "तूच सांग", तर तुम्ही सांगा. पण तो घरात असताना सांगा. जेवणाच्या ताटावर नको, काका-मामा जमलेले असताना नको, आणि फोनवर तर नकोच. क्रम महत्त्वाचा आहे. आधी तब्येत, मग परीक्षा. "आबा, भाऊची तब्येत बरी नाही. रात्र रात्र झोप नाही, जेवण नाही, त्याला जगावंसं वाटेना इथपर्यंत आलं होतं. डॉक्टरांचं सुरू केलंय. या दुखण्यात पेपर राहिले. ते पुन्हा देता येतात." पहिलं वाक्य पेपरचं आलं तर पुढचं सगळं बोलणं पेपरवर आणि पैशांवर जाईल आणि मुलगा पुन्हा गप्प होईल. म्हणूनच शक्य असेल तर डॉक्टरांची पहिली भेट आधी उरकून घ्या, मगच पारोळ्याला जा. बहुतेक बापमाणसांना "डॉक्टर असं म्हणाले" याचा आधार लागतो. पण त्याच्या जिवाला धोका आहे असं तुम्हाला जळगावात जाणवलं, तर क्रमाची वाट बघू नका, आबांना त्याच दिवशी बोलावून घ्या.

यजमानांशी भांडू नका. त्यांच्या म्हणण्यात एक कण खरा आहे. सकाळी उठणं, उन्हात चालणं, हातापायाला काम असणं, वेळेवर जेवणं याने मनाला खरंच बरं वाटतं, डॉक्टरही हे सांगतात. पण "राबवा" हा शब्द शिक्षेचा आहे. ज्याला अंथरुणातून उठायला तासभर लागतो त्याला कापूस वेचायला धाडलं आणि जमलं नाही की "बघा, हेही होत नाही" म्हटलं, तर जखमेवर मीठ. आबांबरोबर सकाळी शेतापर्यंत जाऊन येणं, एवढंच पहिले काही दिवस पुष्कळ.

आईचं वेगळं आहे. तिला मुलाचं काहीतरी बिघडलंय हे तुमच्याही आधी कळलं, हे तिला बोलून दाखवा. तिला देवाला जायचं असेल, नवस बोलायचा असेल, कानबाईला साकडं घालायचं असेल तर अडवू नका; तिच्या जिवालाही धीर हवा. अट एकच, डॉक्टरांची तारीख आणि गोळी चुकणार नाही. भगताकडे मारहाण, कोंडून ठेवणं, उपाशी ठेवणं, धुरी देणं असा प्रकार होणार असेल तर मात्र ठाम नाही म्हणा. भूत उतरवण्याच्या नावाखाली माणसाला मारणं, बांधणं हा २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे.

डॉक्टर कुठले? जळगावात कोणी पाहील ही भीती असेल तर त्याला काही दिवस तुमच्याकडे धुळ्याला आणा. धुळ्यात शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे. जळगाव आणि नंदुरबारलाही आता आहे. केस पेपर काढून मानसोपचाराच्या बाह्यरुग्ण विभागात दाखवता येतं, खर्च नाममात्र. पैसे आणि सोय असेल तर खासगी मानसोपचारतज्ज्ञ आहेतच. मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे एमबीबीएसनंतर या विषयात शिकलेले डॉक्टर, ते औषध देऊ शकतात. समुपदेशक आणि मानसशास्त्रज्ञ बोलण्यातून उपचार करतात, औषध देत नाहीत. पुष्कळांना दोन्ही लागतं. पहिल्या भेटीत डॉक्टर थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी-१२ अशा तपासण्या सांगतील, त्या करून घ्या. थकवा आणि उदासी कधी तिथूनही येते. नैराश्यावरच्या गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात, सुरुवातीला मळमळ किंवा झोपेत बदल जाणवू शकतो. तिसऱ्या दिवशी "फरक नाही" म्हणून बंद करू नका, आणि बरं वाटायला लागलं म्हणूनही मनाने बंद करू नका. पहिल्या काही आठवड्यांत त्याची तगमग वाढल्यासारखी वाटली तर लगेच डॉक्टरांना कळवा. या गोळ्यांची नशेसारखी चटक लागत नाही. दुकानातून झोपेच्या गोळ्या आणून मात्र देऊ नका.

शिक्क्याची भीती मी खोटी म्हणणार नाही. आपल्या गावांत लोक बोलतात, सोयरीक बघताना खोदून विचारतात. पण कागदोपत्री जी भीती तुम्हाला आहे ती निराधार आहे. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ प्रमाणे रुग्णाची माहिती गुप्त ठेवणं हे उपचार करणाऱ्यांवर बंधन आहे. अपवाद अगदी मोजके, जिवाला धोका वगैरे. मार्कशीटवर किंवा कॉलेजच्या दाखल्यावर उपचाराची नोंद येत नाही. याच कायद्यात आणखी एक तरतूद आहे, ती सगळ्यांनीच माहीत करून घ्यावी: ज्याने जीव द्यायचा प्रयत्न केला तो तीव्र ताणाखाली होता असंच धरलं जातं, त्यासाठी त्याच्यावर खटला भरून शिक्षा करायची नाही. "केस होईल" म्हणून दवाखान्यात न नेता घरीच उलट्या करवत बसल्याने आपल्याकडे जीव गेले आहेत. तसं कोणी करू नये.

कॉलेजचं आता. शिक्षण सोडायचं की चालू ठेवायचं, शाखा बदलायची का, हा निर्णय सध्या नको. मन तळाला गेलेलं असताना घेतलेला असा निर्णय बहुधा पळण्याचा असतो. आत्ता फक्त दारं उघडी ठेवायची. डॉक्टरांचं प्रमाणपत्र घ्या, झेरॉक्स काढा आणि त्याच्याबरोबर विभागप्रमुखांना भेटा. राहिलेल्या पेपरांची पुढची परीक्षा केव्हा, फॉर्म भरायची शेवटची तारीख कोणती, हजेरी कमी पडली तर वैद्यकीय कारणाने सवलत मिळते का, वर्ष थांबलं तर फी पुन्हा किती भरावी लागेल, महाडीबीटीवरच्या शिष्यवृत्तीचं नूतनीकरण अडेल का, हे एकेक विचारून वहीत लिहून घ्या. त्याच्या डोक्यात या सगळ्याचं मिळून एक भुताटकीसारखं काहीतरी झालेलं असतं. वहीत उतरलं की ती पाच-सहा कामं असतात. कॉलेजात विद्यार्थी विकास अधिकारी असतात, त्यांनाही भेटा.

आणि समुपदेशक कोण आहेत, हे नक्की विचारा. सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ च्या निकालात सांगितलं आहे की शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षण संस्थेत निदान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता नेमला पाहिजे. त्याहून लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर जोडून घ्यायचं आहे. हे मी संस्थाचालकांसाठीही लिहिते आहे. भूगोलाच्या सरांकडे "अतिरिक्त कार्यभार" म्हणून समुपदेशन दिलं आणि दारावर पाटी लावली, की काम झालं असं कृपा करून समजू नका. पाटीखालचं दार बंदच असतं, हे मुलांना पहिल्याच वर्षी कळतं. ज्या कॉलेजात समुपदेशक खरोखर बसतात, तिथेही खोली प्राचार्यांच्या केबिनसमोर नसावी. आत जाताना अख्ख्या कॉलेजने पाहिलं तर कोण जाईल? वर्गशिक्षकांना माझी एवढीच विनंती आहे: सलग गैरहजर राहणाऱ्या मुलाच्या नावापुढे लाल रेघ मारण्याआधी त्याला एक फोन करा. "कुठे आहेस, बरा आहेस ना," एवढंच.

मुलींबद्दल लिहिल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. तुमच्या भावाच्या जागी बहीण असती, तर तिने तुम्हाला हेही सांगितलं नसतं. कारण तिला पक्कं माहीत असतं की "मला त्रास होतोय" म्हटलं की उत्तर येईल, "मग ये घरी, बघायला पाहुणे येतायत." वसतिगृहात मुली तापाने फणफणत असतानाही घरी कळवू नका म्हणून हात जोडायच्या, एकदा घरी गेलं की परत पाठवणार नाहीत ही भीती. आईबापांनो, मुलीने अडचण सांगितली म्हणून तिचं शिक्षण थांबवणार नाही, हा शब्द तिला आधीच द्या आणि पाळा. धडगाव-अक्कलकुव्याहून आदिवासी वसतिगृहांत आलेल्या मुलामुलींचं एकटेपण आणखी निराळं आहे. घरची बोली निराळी, घरी फोनला रेंज नाही, आणि वर्गात आडनावावरून शेरे. तो छळ आहे, थट्टा नाही. रॅगिंगविरोधी हेल्पलाइन १८००-१८०-५५२२ आहे, कॉलेजने ऐकलं नाही तर तिथे तक्रार करता येते.

खोलीतल्या मित्रांना तुम्ही जाल तेव्हा जरूर भेटा. वीस वर्षांची पोरं आहेत, त्यांना सगळं दिसत असतं, काय करायचं ते कळत नसतं. त्यांच्यावर पहारा सोपवू नका. रात्रीचं जेवण त्याच्याबरोबर करा, आणि काही वेगळं वाटलं तर कोणत्याही वेळी मला फोन करा, एवढं सांगून तुमचा नंबर द्या.

आबांच्या रविवारच्या फोनबद्दलही एकदा त्यांच्याशी बोला, सगळं थोडं स्थिरावल्यावर. त्यांनी विचारू नये असं नाही. पण पोरगा शहरात गेल्यापासून बापलेकात अभ्यास सोडून दुसरा विषयच उरत नाही, हे पुष्कळ घरांत झालं आहे. शेतात काय चाललंय, बैल कसा आहे, कापसाला काय भाव लागला, आपल्याला काय जमलं नाही, हेही बापाने मुलाला सांगावं. स्वतःचं बिघडलेलं सांगणाऱ्या बापाला मुलगाही आपलं बिघडलेलं सांगू शकतो.

राहिल्या तुम्ही. "मी कोणाला तोंड दाखवू" असं लिहिलंत, तेव्हा त्याच्या जगण्या-मरण्याचा हिशेब तुम्ही स्वतःच्या नावावर मांडून बसला आहात असं वाटलं. तो तुमचा एकटीचा नाही. तुम्ही बहीण आहात. डॉक्टर आहेत, आबा आहेत, आई आहे, कॉलेज आहे. यजमानांना अजून तुम्ही ते शेवटचं वाक्य सांगितलेलं नाही, असं पत्रावरून दिसतं. त्यांना वाटतंय की पोरगा मोबाइलमुळे वाया चाललाय, म्हणून ते तसं बोलतात. "झोपलो की उठूच नये" हे त्यांना त्याच शब्दांत सांगा, आजच, मुलं झोपल्यावर. मग जळगावला दोघं जाता की एकजण घरी थांबता, ते ठरवा. आणि तिथून परतलात की मला कळवा. पत्र छापणार नाही.